जुन्या गाडीचं सनरूफ तिरकं होऊन अर्ध्यात अडकलंय, कुठून सुरुवात करू?

वाटसरू
नमस्कार मंडळी. गाडी १६ वर्षांची आहे, इंजिन अजून ठणठणीत. सनरूफ गेली दोन-तीन वर्षं कुरकुरत होतं. बंद होताना मध्येच थांबायचं, पुन्हा बटण दाबलं की जायचं. मी दुर्लक्ष केलं. काल संध्याकाळी पूर्ण उघडलेलं बंद करायला गेलो, तर अर्ध्यावर ‘कट्’ असा आवाज झाला, वाळलेली काडी मोडावी तसा. घाबरून आणखी दोनदा बटण दाबलं. आता काचेची डावी बाजू साधारण २ सेंटीमीटर पुढे आहे आणि उजवी मागे. मोटर घरघरते, काच जराशी थरथरते आणि मागे सरकते.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, मोटर गेली, पूर्ण सेट बदला, नाहीतर काच कायमची चिकटवून देतो. दोन्ही मनाला पटत नाही. मुलगी लहान असताना मागच्या सीटवर आडवी पडून याच काचेतून तारे बघायची. चालू स्थितीतच हवंय मला ते. हातात पाना धरायची सवय आहे, पण छत कधी उघडलेलं नाही. वर आभाळ भरून आलंय. काय करू?

तेलपाणी
सगळ्यात आधी बटणाला हात लावू नका. सनरूफचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे घरातल्या कुणाच्या हातून चुकून दाबलं जाणार नाही. तिरकी काच मोटरने ओढत राहिलात तर आज १ भाग मोडलाय, उद्या ४ मोडतील.

पावसासाठी: जाड प्लास्टिकचा मोठा तुकडा छतावरून आडवा टाका आणि दोन्ही बाजूंच्या दारांमध्ये धरून दारं लावून घ्या. रंगावर चिकटपट्टी लावू नका. जुना रंग पट्टीबरोबर सोलून येतो.

दहाचा_पाना
मोटर गेली असती तर ती घरघरली नसती. मोटर जिवंत आहे.

आत काय असतं ते आधी डोळ्यांपुढे आणा. काचेच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे चॅनेल असतात. त्यांत प्लास्टिकच्या सरकपट्ट्या, म्हणजे ज्याला आपण ‘शू’ म्हणतो ते, आणि काच उचलणारे आर्म. दोन्ही बाजूंना एकेक केबल. ही केबल ब्रेकच्या वायरसारखी नुसती ओढणारी नसते. तिच्यावर स्प्रिंगसारखी तार गुंडाळलेली असते आणि ते वेढे मोटरच्या गिअरच्या दात्यांत बसतात. म्हणून ती ओढतेही आणि ढकलतेही. आणि मुख्य गोष्ट, एकच गिअर दोन्ही केबल फिरवतो, एक त्याच्या या अंगाने, दुसरी त्या अंगाने. त्यामुळे चांगल्या स्थितीत दोन्ही बाजू अगदी सारख्याच सरकतात, दुसरा इलाजच नसतो त्यांना.

तुमची काच तिरकी झालीय याचा अर्थ दोनांपैकी एक: उजव्या बाजूचा प्लास्टिकचा भाग मोडून काच केबलच्या गाड्यापासून, म्हणजे केबलला जोडलेल्या सरकत्या भागापासून, सुटली, किंवा उजवी बाजू अडकली आणि जोर लागून केबलने गिअरवर दात सोडले. ‘कट्’ आवाज एकदाच आला ना? मग मला पहिलं जास्त वाटतं. केबल दात सोडते तेव्हा ‘कर्र कर्र कर्र’ येतं.

वाटसरू
आवाज एकदाच आला. नंतर दाबलं तेव्हा मात्र थोडं कर्र झालं होतं, आता आठवतंय.

दहाचा_पाना
मग दोन्ही झालंय. बिघडत नाही, दुरुस्त होतं.

जोडतार
मोटरबद्दल शंका राहू नये म्हणून दहा मिनिटांत तपासून टाका. आतल्या दिव्याचं पॅनेल उतरवलं की मोटर दिसते. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, मोटरच्या दोन जाड तारांवर टोकं लावा, फ्यूज घालून बटण क्षणभर दाबा. साधारण १२ व्होल्ट दिसले पाहिजेत आणि उलट दिशेचं बटण दाबल्यावर आकड्यापुढे उणे चिन्ह आलं पाहिजे. मोटर फिरवायची दिशा अशीच बदलतात. व्होल्टेज येतंय आणि मोटर गप्प, तर दोष मोटरचा. व्होल्टेजच येत नाही, तर बटण, रिले, तार. बटण दाबल्यावर १२ चे ८-९ होत असतील तर कनेक्टर किंवा अर्थिंग खराब झालंय किंवा बॅटरी म्हातारी झालीय, हे जुन्या गाडीत फार दिसतं.

आता ‘परत मागे सरकते’ याविषयी. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या बऱ्याच सनरूफच्या मोटरमध्ये हॉल सेन्सर असतो. मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक फिरतं, सेन्सर त्याचे फेरे मोजतो. काच बंद होताना फेऱ्यांचा वेग अचानक पडला की कंट्रोलर समजतो, मध्ये कुणाचा हात आला, आणि काच मागे घेतो. त्याला हात आणि सुकलेलं ग्रीस यांतला फरक कळत नाही. तुमची काच दोन-तीन वर्षं मध्येच थांबत होती ती यामुळेच. इलेक्ट्रॉनिक्स बरोबर काम करत होतं, चॅनेल जड झाला होता. अशा वेळी मोटर बदलून देणारे खूप भेटतात. नवीन मोटर थोडा जास्त जोर लावते, महिनाभर चालतं आणि मग केबल तुटते. मला याचा खरंच राग येतो, कारण नुसत्या साफसफाईने वाचलं असतं.

जुनी_चाकं
मी वेगळं सांगतो. माझ्याकडे असंच झालं होतं. मी काच ओढून बंद केली, भोवती सिलिकॉन सीलंट भरला आणि मोकळा झालो. सनरूफ वर्षातून चारदा उघडतो आपण. त्यासाठी छत उतरवायचं? वाटसरू, विचार करा.

पन्हळ
जुनी_चाकं, बंद ठेवायला माझी हरकत नाही. काच नीट बसवून फ्यूज काढून टाकणं हा पूर्ण प्रामाणिक पर्याय आहे. सीलंटला मात्र माझा विरोध आहे, आणि कारण सांगतो.

सनरूफभोवतीचं रबर पाणी पूर्ण अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते बहुतेक पाणी अडवतं, वारा अडवतं, उरलेलं पाणी झिरपून काचेखालच्या पन्हळीत पडतं. पन्हळीच्या कोपऱ्यांतून सहसा ४ नळ्या निघतात. पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून खाली, मागच्या दोन मागच्या खांबांतून. पाणी गाडीच्या खाली पडतं, आपल्याला कळतही नाही. म्हणजे ‘सनरूफ गळतंय’ असं आपण म्हणतो तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा रबर गेलेलं नसतं, नळी तुंबलेली असते. वरून सीलंट भरला की तो उन्हात सुटतो, बारीक फट पडते, पाणी आत येतं, आणि नळी तुंबलेली असली तर ते गालिच्याखाली मुरतं. तिथेच वायरिंगचे जाड जुडगे असतात, काही गाड्यांत कंट्रोल युनिटही असतं. शिवाय पुढे कधी काच काढायची झाली तर तो सीलंट खरवडताना रंग आणि रबर दोन्ही जातात.

जुनी_चाकं
खरं आहे. मी वर लिहिलं नाही, पण दीड वर्षाने माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला झाला होता. मी विंडशील्डला दोष देत होतो. नळ्यांचं हे आत्ता कळतंय. उद्या बघतो.

तेलपाणी
वाटसरू, आता काच बंद करायची पद्धत. दिव्याच्या पॅनेलमागे मोटरच्या मधोमध षटकोनी खाच असेल, बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की बसते. काही गाड्यांत की वर दाबून मग फिरवावी लागते. गाडीच्या पुस्तकात बघा, काहींमध्ये टूलकिटमध्ये खास दांडी दिलेली असते. आणि सगळ्यांची मोटर तिथेच असते असं नाही. जुन्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ मध्ये ती डिकीत असते आणि केबल मागच्या खांबातून वर जाते.

पण तुमच्या बाबतीत नुसती की फिरवू नका. काच तिरकी आहे, आणि किल्लीनेही दोन्ही केबल सारख्याच फिरणार, तिरकेपणा तसाच राहणार.

दहाचा_पाना
बरोबर. त्यासाठी मोटर उतरवायची. सहसा ३ स्क्रू असतात. मोटर खाली आली की दोन्ही केबल मोकळ्या होतात आणि काचेची प्रत्येक बाजू हाताने वेगवेगळी सरकवता येते. सगळी गोम इथे आहे. एकाने बाहेरून दोन्ही तळवे काचेवर ठेवायचे, दुसऱ्याने आतून मागे राहिलेली बाजू हळूहळू पुढे ढकलायची. काच टफन्ड असते, कडेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचकटलंत तर एका क्षणात चुरा होईल. फक्त हाताचा जोर. अडलं तर थांबा, थोडं मागे घ्या, चॅनेलमध्ये बॅटरीचा उजेड टाकून बघा काय आडवं आलंय.

मोटर काढण्याआधी तिच्या गिअरवरची खूण किंवा बाण आहे का ते बघून फोटो काढा.

वाटसरू
मंडळी, आज सकाळी बसलो. मेहुणा मदतीला होता.

व्होल्टेज १२.३, उलट बाजूला उणे १२.२. म्हणजे जोडतार ताई, तुम्ही म्हणालात तसंच, मोटर आणि बटण दोन्ही ठीक. मोटर उतरवली, ३ च स्क्रू होते. डावी बाजू एका बोटाने सरकली. उजवी एका जागी येऊन थटायची, दर वेळी त्याच जागी. उजेड टाकला तर चॅनेलमध्ये नखाएवढा पिवळट प्लास्टिकचा तुकडा आडवा पडलेला. चिमट्याने काढला. तो निघाल्यावर उजवी बाजूही आली आणि काच सरळ होऊन बंद झाली! छतावरचं प्लास्टिक काढून टाकलं, रात्री पाऊस झाला तरी चालेल आता.

तुकडा समोर ठेवून लिहितोय. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला मोडलेली कड. मोडल्या कडेचा अर्धा भाग काळपट आहे आणि अर्धा स्वच्छ. म्हणजे तडा फार पूर्वीच गेला असावा ना? आणि चॅनेलमधलं ग्रीस म्हणजे मेणासारखं घट्ट, त्यात धूळ आणि वाळलेली पानं. हा तुकडा डकवता येईल का?

दहाचा_पाना
हो, अर्धी कड काळी म्हणजे अर्धा तडा जुना. ग्रीस सुकलं, शू ओढला जायला लागला, तडा गेला, काल उरलेला तुटला.

डकवू नका. हे भाग बहुतेक अ‍ॅसिटल किंवा नायलॉन या प्लास्टिकचे असतात. अ‍ॅसिटल मुळातच निसरडं, म्हणून तर ते इथे वापरतात, आणि त्याच गुणामुळे त्यावर गोंद धरत नाही. दोन पर्याय आहेत. बऱ्याच मॉडेलसाठी फक्त त्या गाइडचे, म्हणजे चॅनेलमधल्या या सरकत्या भागाचे, दुरुस्ती किट मिळतात, काही धातूचे असतात. नाहीतर भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून डावी-उजवी पूर्ण यंत्रणा. डावा भाग उजवीकडे बसत नाही, मागवताना तुटलेल्या तुकड्याचा आणि शिल्लक भागाचा फोटो पाठवा. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. दुसरा तेवढ्याच वर्षांचा आहे.

केबलचं टोक बाहेर घेऊन वेढे बघा. कुठे तार पसरलेली, गंजलेली किंवा चपटी झालेली दिसली तर केबलही बदलायच्या, तीही जोडीने.

जोडतार
छताचं अस्तर उतरवावं लागलं तर एक विनंती आहे, हे वगळू नका. खांबांच्या पट्ट्यांमागे आणि छताच्या कडेने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असू शकतात. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि निदान १०-१५ मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा थांबा. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर दिसले की त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही, ओढायचे नाहीत.

वाटसरू
अस्तर उतरवावं लागेल का?

तेलपाणी
गाडीवर अवलंबून. बऱ्याच गाड्यांत काच ४ ते ६ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूंवर असते. ते काढून काच वरून उचलली की गाइडपर्यंत हात जातो आणि अस्तराला हात लावावा लागत नाही. केबल बदलायच्या किंवा पूर्ण फ्रेम काढायची असेल तरच अस्तर. काच उचलायला दोघं लागतात, आणि उचलण्याआधी प्रत्येक स्क्रूभोवती मार्करने रेघ मारा.

साफसफाई: जुनं ग्रीस लाकडी चमच्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काडीने खरवडा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. ब्रेक क्लीनर फवारू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. आणि तो सगळ्यांच्या घरी असलेला गंज सोडवायचा स्प्रे चॅनेलमध्ये मारू नका. दोन दिवस सुळसुळीत वाटतं, मग तो उडून जातो आणि जाताना उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो. कंपनीने सांगितलेलं ग्रीस मिळालं तर उत्तम, नाहीतर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) ग्रीस. पातळ थर. गोळे घातलेत तर पुन्हा धूळ धरेल. रबराला फक्त सिलिकॉन.

पन्हळ
काच काढणारच आहात तर नळ्या तेव्हाच बघा. पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. पाणी बुडबुड करत लगेच उतरलं पाहिजे आणि गाडीखाली दिसलं पाहिजे. चारही कोपऱ्यांना करा. तुंबली असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक ज्योतीवर धरून गोल करा आणि हलक्या हाताने आत घाला. कंप्रेसरची जोराची हवा मारू नका. नळी वर नुसती तोटीवर दाबून बसवलेली असते, हवेने निसटली तर पाणी थेट अस्तरात.

वाटसरू
१२ दिवसांनी येतोय. भागांची वाट बघण्यात गेले. धातूच्या गाइडचं किट मिळालं, दोन्ही बाजूंचं. केबलचे वेढे चांगले निघाले, फक्त उजवीवर दोन-तीन ठिकाणी घासल्यासारखी चकाकी होती. त्याच ठेवल्या.

ग्रीस खरवडून जमवलं तर चहाच्या कपाचा तळ भरला. चॅनेल पुसल्यावर खाली चंदेरी अ‍ॅल्युमिनियम दिसलं तेव्हा कळलं की १६ वर्षांत तिथे कुणी बघितलंच नव्हतं. गाइड बसवताना खालची छोटी स्प्रिंग उडाली, अर्धा तास सीटखाली शोधली. नवीन करणाऱ्याने खाली पांढरी चादर अंथरून ठेवावी.

आता अडलोय ते टायमिंगला. काच बंद जागी आहे, मोटर हातात आहे. मोटर बिघाडाच्या वेळी कुठपर्यंत फिरली देव जाणे. तशीच बसवू?

दहाचा_पाना
नाही! बरं केलंत विचारलंत. इथेच बहुतेक दुरुस्त्या वाया जातात.

दोन गोष्टी वेगवेगळ्या जुळवायच्या. पहिली, दोन्ही केबलचे गाडे एकमेकांशी. चॅनेलवर आणि गाड्यावर शून्य स्थितीची खूण किंवा पिन घालायचं भोक बऱ्याच यंत्रणांमध्ये असतं. दोन्ही बाजूंनी ते जुळलं म्हणजे काच सरळ. खूण नसेल तर स्टीलच्या पट्टीने पुढच्या कडेपासून दोन्ही गाड्यांचं अंतर मोजा, मिलिमीटरचाही फरक नको. दुसरी गोष्ट, मोटर स्वतः ‘बंद’ स्थितीत हवी. तिच्या गिअरवरची खूण मोटरच्या आवरणातल्या छोट्या खिडकीत येईपर्यंत अ‍ॅलन कीने फिरवा, मग बसवा. मोटरला वाटतंय काच अर्धी उघडी आणि काच प्रत्यक्षात बंद, अशा अवस्थेत बटण दाबलंत तर ती बंद काच आणखी पुढे ढकलत राहील आणि नवे गाइड तिथल्या तिथे मोडतील.

स्क्रू घट्ट केल्यावर पहिले दोन फेरे कीने हाताने द्या. काच दोन्हीकडून सारखी हलली तरच वीज.

जोडतार
आणि मग शिकवणी. बॅटरी काढली असेल तर कंट्रोलर काचेची टोकं विसरला असेल. सर्वसाधारण पद्धत अशी, इंजिन चालू ठेवून ‘बंद’ किंवा ‘वर उचला’ बटण १० ते ३० सेकंद सलग दाबून धरायचं, काच आपोआप हलून थांबते, मग सोडायचं. नेमका क्रम प्रत्येक गाडीचा निराळा, पुस्तकात मिळेल. हे चालू असताना हात मध्ये आल्यावर मागे घेण्याची सुरक्षा बऱ्याच गाड्यांत बंद असते. त्या वेळी मुलांना गाडीपासून लांब ठेवा, हे कळकळीने सांगते.

वाटसरू
झालं!! कीने हाताने दोन फेरे, दोन्ही बाजू सारख्या. बटण २० सेकंद धरलं, काच मागून उचलली गेली, खाली बसली, मागे गेली, पुढे आली, थांबली. घरघर नाही, कुरकुर नाही. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला व्हिडिओ पाठवला.

दोन प्रश्न उरलेत. ८० च्या वेगाला बारीक शिट्टी ऐकू येते. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात ओतलेलं पाणी उतरतं, पण फार सावकाश.

तेलपाणी
अभिनंदन, मनापासून. शिट्टी काचेच्या उंचीची आहे. काचेचे स्क्रू किंचित सैल करा. पुढची कड छताला समतल किंवा फार तर १ मिलिमीटर खाली, मागची कड समतल किंवा १ मिलिमीटर वर. पुढची वर राहिली की वारा तिला धडकतो. घट्ट केल्यावर कागदाची पट्टी रबराखाली दाबून काच बंद करा आणि ओढून बघा, चहूबाजूंनी सारखाच ताण लागला पाहिजे.

पन्हळ
मागची नळी वरून नका बघू, खालून बघा. मागच्या चाकाच्या आवरणामागे किंवा बंपरच्या आत तिचं तोंड असेल, त्यावर रबरी टोपण असतं, चिमटीत धरल्यावर उघडणारं. चिखल तिथेच साचतो.

वाटसरू
तेलपाणी, पुढची कड जवळजवळ २ मिलिमीटर वर होती. खाली घेतली, शिट्टी गेली.

पन्हळ, चाकाच्या आवरणाचे ३ क्लिप काढले आणि टोपण सापडलं. दोन बोटांनी दाबल्याबरोबर सुपारीएवढा काळा गाळ पडला आणि मागोमाग वर ओतून ठेवलेलं सगळं पाणी माझ्या बाहीवर.